जळालेला डायनामो

भोरच्या वत्सलाबाई शेट्यांनी नवऱ्याच्या माघारी त्यांची जुनी मोटारसायकल जपली होती. जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून मिरवणारे दादासाहेब ती विकत घ्यायला आले. बाई पाणी आणायला आत गेल्या. परतल्या तेव्हा इंजिन चालू होतं, पण चार्जिंगचा काटा हलेना. सकाळी तर छान हलत होता!

“बॅटरी चार्ज करणारा डायनामो जळालाय. गाडी भंगारच समजा. भंगाराच्या भावात मीच नेतो,” दादासाहेब म्हणाले.

बाईंना संशय आला. “न्या की. फक्त तो जळका डायनामो काढून इथं ठेवा.”

“छे! असा अस्सल डायनामो आता मिळतो कुठे?”

“जळालेलासुद्धा?”

दादासाहेब गडबडले. मान खाली घालून त्यांनी स्वतःच सोडवलेली वायर जोडली. काटा टुणकन वर गेला.

बाईंनी त्यांना बाहेर जायला फाटक उघडून धरलं.