पडद्यावरच्या बाईचे सुतक

एकदा एक वृद्ध नाट्यगुरू झाडीपट्टीतल्या एका लहानशा गावी राहत असत. त्यांची शिष्या रुखमा कोडापे हिला मुंबईच्या मोठ्या चित्रपटात काम मिळाले.

चित्रपट दोन गुप्तहेरांच्या प्रेमाचा होता. नायक आपल्या देशाचा, नायिका शत्रूची. पाठलाग चुकवीत दोघे जंगलात शिरतात, तेव्हा एक आदिवासी बाई त्यांना झोपडीत आसरा देते. ती बाई म्हणजे रुखमा. 'अखेर वंचितांचा चेहराही पडद्यावर!' असे वर्तमानपत्राने कौतुकाने छापले.

चित्रपट लागला त्या दिवशी सगळे गाव तालुक्याला लोटले. रुखमा दिसताच शिट्ट्यांनी छप्पर दणाणले. खेळ सुटल्यावर जो तो तिच्यासोबत फोटो काढू लागला. गुरुजी मात्र फोटोसाठी न थांबता निघून गेले.

आशीर्वाद घ्यायला रुखमा त्यांच्या दारी पोचली आणि जागीच थबकली. गुरुजी अंगणात उभे राहून, उंबरा न ओलांडता, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेत होते. स्मशानातून परतलेला माणूस घेतो तसे.

"कोण गेलं जी, गुरुजी?" तिने घाबरून विचारले.

"आज पडद्यावर गेली ती बाई."

रुखमाला ते फार लागले. आयुष्यातल्या एकुलत्या एक आनंदाच्या दिवशी हा अपशकुन! "मी तर जिती आहे ना जी तुमच्यासमोर!" ती म्हणाली.

"तू आहेस, बेटा. ती गेली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "त्या दोघांना तिने रांधून घातले, नायकावरची गोळी आपल्या छातीवर घेतली. तिचे प्रेत ओलांडून ती दोघे पळाली आणि पुढच्याच क्षणी बर्फात गाऊ लागली. तिला कुणी हाक मारली नाही, कारण तिला नावच दिले नव्हते. नवरा नाही, लेकरू नाही. असते तर कुणीतरी रडले असते, आणि गाण्याला उशीर झाला असता. जिच्या मरणाने गोष्ट क्षणभरही थांबत नाही, ती गोष्टीतले माणूस नव्हे, सामान असते. कुणीतरी तिचे सुतक धरायला हवे होते."

रुखमाने विचारले, "मग मी हे काम घ्यायलाच नको होतं का?"

"तू ते जीव ओतून केलेस, म्हणून तर मला सुतक लागले."

वर्षभराने मुंबईहून फोन आला. दुसऱ्या भागात त्या बाईची बहीण हवी होती.

"बहिणीसाठी ती रडते का जी?" रुखमाने विचारले.

पलीकडचा माणूस हसला. "ताई, वेळ कुठाय? दुसऱ्याच सीनमध्ये तुम्हाला गोळी लागते."

"एक वाक्य द्या. बहिणीचं नाव घेऊन हाक मारू द्या."

"विचारून सांगतो," तो म्हणाला. पुन्हा फोन आला नाही.

दुसरा भागही लागला. शेजारच्या तालुक्यातली एक नवी मुलगी त्यात होती. वर्तमानपत्राने पुन्हा कौतुक केले. रुखमा एकटीच पाहायला गेली. पडद्यावर ती मुलगी गोळी लागून कोसळली, तशी रुखमा खुर्चीतून उठली आणि मान खाली घालून उभी राहिली.

मागून कुणीतरी खेकसले, "ओ बाई, खाली बसा! गाणं दिसत नाही!"