ताटाच्या जागी पट्टा

सन दोन हजार सोळा, मार्गशीर्षाचा पहिला पंधरवडा. गुऱ्हाळे पेटली होती. कोल्हापुरातल्या एका गूळ-व्यापाऱ्याच्या पेढीवर माणसांची रीघ लागली होती. पेढीच्या दारात पितळी ताटात गूळ फोडून ठेवलेला असे, शेजारी पाण्याचा तांब्या. आलेल्याने खडा तोंडात टाकावा, पाणी प्यावे, मग व्यवहाराचे बोलावे. आजोबांपासूनची ही रीत.

ताटाशेजारी केशर पडलेली असे. गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री, रंग ताज्या गुळाचा. व्यापाऱ्याच्या पत्नीने तिला पिल्लू असताना आणले होते. पत्नी गेली, केशर राहिली. येणारा प्रत्येक जण एक खडा स्वतःच्या तोंडात टाकी आणि एक तिच्या. तिचे डोळेच असे की नाही म्हणवत नसे. घरातली माणसे वर तुपाची पोळी, बिस्किटे, पेढे देत. एवढ्या मायेने केशरचे पोट जमिनीला टेकायला आले आणि मागचे पाय उचलेनासे झाले. पेढीच्या पायऱ्यासुद्धा तिला उचलून चढवाव्या लागत.

डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले, "वजन उतरवा. मोजून खायला द्या, गोड बंद. रोज थोडे थोडे चालवा. नाहीतर पाडव्यापर्यंत ही जागेवर बसेल ती उठणार नाही."

व्यापाऱ्याने मान डोलावली. जेवण मोजून देऊ लागला. ताट मात्र होते तिथेच राहिले.

शेवटी तो तालमीत वस्तादांकडे गेला. वस्ताद वृद्ध होते. एक पाय किंचित ओढून चालत.

"वस्ताद, केशरला ठेवून घ्या. तुमच्या धाकात राहील. माझ्यानं तिचं तोंड बघवत नाही."

"ती नको. मीच येतो," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या एका शिष्याला घेऊन पेढीवर आले. कोणाशी न बोलता त्यांनी गुळाचे ताट उचलले आणि आत फळीवर ठेवले. दाराच्या चौकटीला खिळा ठोकला, त्यावर केशरला फिरवायचा पट्टा टांगला आणि दाराशी स्टूल टाकून बसले.

व्यापारी बाहेर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"वस्ताद, ते ताट माझ्या आज्यानंसुद्धा कधी हलवलं नव्हतं. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"गिऱ्हाइकाला आत बोलवा, पोटभर द्या. दारात मिळणार नाही."

"मग दारात काय मिळंल?"

"पट्टा."

एक हमाल हसला. "आता गूळ सोडून पट्टा चघळायचा व्हय, वस्ताद?"

"चघळ. दात घट्ट होतील."

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी आला. त्याच्या खिशात घरचा गूळ होता. खडा काढून तो केशरपुढे वाकला. वस्तादांनी त्याचे मनगट धरले.

"माया आली?"

"येणार न्हाई तर! बघा की कशी बघतीया."

"मग पट्टा काढा. रस्त्याच्या टोकाच्या वडापर्यंत नेऊन आणा."

शेतकऱ्याला आधी थट्टा वाटली. मग तो खरोखरच निघाला. केशर शेजारच्या दुकानापर्यंत गेली आणि बसली. तोही तिच्याजवळ टेकला. दोघे दम खाऊन परत आले.

तालमीकडे परतताना शिष्याला राहवले नाही. "वस्ताद, शेठना चारचौघांत कमीपणा आणलात. मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढलात. ही कसली विद्या?"

वस्ताद थांबले. "घास नाही काढला. तिचं जेवण तिला मिळतं. आता माझ्या पायाकडे बघ. कुस्तीत मोडला तेव्हा मी खाटेवर पडलो. सगळी पेठ आली. कोणी दूध आणलं, कोणी बदाम. ठेवलं, हळहळले, गेले. मी खात होतो आणि पडून होतो. हा शेठ तेवढा रिकाम्या हातानं यायचा. काखेत हात घालून उठवायचा, दारापर्यंत चालवायचा. मी शिव्या द्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पोरा, खडा द्यायला क्षण पुरतो. चालवायला स्वतः चालावं लागतं. लोकांची माया खोटी नाही, पण ती हातातच संपते. शेठला हे ठाऊक होतं. बाई गेल्या आणि तो विसरला. त्याचं ऋण माझ्यावर आहे, अजून फिटलं नाही."

दुसऱ्या दिवशी वस्ताद पेढीवर पोहोचले तेव्हा खिळा रिकामा होता. शिष्य केशरला घेऊन वडाकडे निघाला होता.

हळूहळू पेढीला सवय लागली. ऊन चढण्याआधी कोणी ना कोणी पट्टा काढी. तालमीतली पोरे तिचे केस विंचरत. थंडी ओसरल्यावर पोरे तिला नदीत पोहायला नेऊ लागली आणि बाहेर काढल्यावर कान कोरडे करू लागली.

व्यापारी मात्र खिळ्याला हात लावीत नसे. वडाच्या वाटेने केशरला त्याची पत्नी फिरवीत असे. त्या वाटेला तो ती गेल्यापासून गेलाच नव्हता. पत्नीच्या श्राद्धाच्या दिवशी त्याने पानातली खीर वाटीत काढली आणि केशरपुढे धरली. समोर वस्ताद बसले होते. ते नुसते बघत राहिले.

व्यापाऱ्याने हात मागे घेतला. वाटी त्याने खाली ठेवली नाही, आत नेऊन ठेवली. परत आला, पट्टा काढला आणि वडाच्या वाटेला लागला. केशर त्या दिवशी कुठेही बसली नाही.

पाडव्याच्या सकाळी तालमीत कुस्तीच्या हौद्यातली माती खणणे चालले होते. दाराशी व्यापारी उभा राहिला, बरोबर केशर. तालमीच्या दगडी पायऱ्या उंच होत्या. तिला उचलायला शिष्य धावला. वस्तादांनी हाताने त्याला थांबवले.

केशरने पायऱ्यांकडे पाहिले. पुढचे पाय वर ठेवले. मागचे क्षणभर अडखळले, मग उचलले गेले. ती एकेक पायरी चढत वर आली आणि मातीशी येऊन शेपटी हलवू लागली.

व्यापाऱ्याने कडुनिंबाचा पाला आणि गूळ वस्तादांपुढे धरला. डोळे पुसायला त्याचा दुसरा हात मोकळा नव्हता. त्यात पट्टा होता.

वस्तादांनी पाला चावला, वर गुळाचा खडा तोंडात टाकला.

"शेठ," ते म्हणाले, "फिटलं."