मोहरीएवढं तोंड

त्या राज्यात कुंभारणींचं घराणं मडक्यांसाठी नावाजलेलं होतं. कुंभारणी म्हणजे मातीकाम करणाऱ्या माश्या. त्यांची नक्षीदार मडकी राणीमाशीच्या महालात टांगलेली असत. मडक्याची पारख तोंडावरून होई; जितकं बारीक, तितकं मोलाचं. पणजीचं तोंड ज्वारीएवढं, आजीचं बाजरीएवढं, आईचं मोहरीएवढं. मडक्याचं, अर्थात; घरातल्या बायांची स्वतःची तोंडं चांगली मोठी होती.

एवढ्याशा तोंडातून आत काही जात नसे. मडकी रिकामी राहत आणि अंडी भिंतीच्या भेगेत घातली जात. तिथून ती मुंग्या नेत. ज्याचं त्याचं नशीब, असं म्हणून बाया पुन्हा माती मळायला बसत.

धाकट्या लेकीची, शाडूची, दोन अंडी अशीच गेली होती. तिसरं पोटात असताना महालातून सणाच्या मडक्याची मागणी आली. शाडूने मडक्याचं पोट घडवलं, नक्षी काढली आणि गळ्याशी आल्यावर ती थांबली. तिला भेगेची भीती वाटत होती. तिने उघड्या मडक्यात अंडं घातलं, शेजारी खायला एक अळी ठेवली आणि तोंड पार लिंपून टाकलं.

आईने मडकं सगळीकडून फिरून पाहिलं.

“तोंड कुठंय गं याला?”

“आत माझं लेकरू आहे, आई.”

“भेग काय ओस पडली होती? घराण्याचं नाक कापलंस.”

दुसरं घडवायला वेळ नव्हता, म्हणून तेच पाठवलं. दरबारातल्या जाणकारांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि ही नवी शैली आहे असं ठरवलं. आईनेही मग ते नाकारलं नाही.

सण सरला. एके सकाळी मडक्यातून कुरतडल्याचा आवाज येऊ लागला आणि बघता बघता त्याला भोक पडलं. जाणकार हळहळले. भोक बुजवायला त्यांनी आईलाच बोलावलं, कारण तिने लिंपलेलं कुणाला ओळखू येत नसे.

शाडू मागोमाग गेली. ओल्या मातीचा गोळा घेऊन आई भोकापाशी पोचली. आतून एक ओलं, चिमुकलं डोकं बाहेर आलं होतं आणि डोळे मिचकावत होतं.

आईने गोळा खाली टाकला. शेजारी तिचं स्वतःचं मडकं टांगलेलं होतं, ज्याच्यापुढे अख्खा दरबार मान लववी. ती त्यावर जाऊन बसली आणि त्याचं मोहरीएवढं तोंड दातांनी कुरतडून रुंद करू लागली.