अर्ध्या माडावरून उतरलेला गुणाजी

समुद्राच्या काठी एका गावात एक पाडेली राहत होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. नाव त्याचं गुणाजी.

त्या गावाची एक गंमत होती. तिथं म्हातारं असं कोणी नव्हतंच. साठीची माणसं होती, सत्तरीची होती, पण म्हातारं म्हणाल तर एकही नाही. गावचे मुख्य बाळाजी गावकर. ते मिशीला कलप लावायचे. सकाळी मिशी काळी असायची, दुपारी घाम आला की सदऱ्याची कॉलर काळी. देवळातले नारायण गुरव आरतीचं तिसरं कडवं विसरायचे. नेमक्या त्याच जागी त्यांना खोकला यायचा. इतका वेळेवर, की गावातली पोरंही त्या जागी सुरात खोकायची. आरतीत तसंच आहे, अशी त्यांची समजूत होती. आणि आनंदीकाकूंना ऐकू येत नव्हतं. कोणी काही बोललं की त्या हसून मान डोलवायच्या. त्यामुळं गावातली सगळ्यांत समजूतदार बाई म्हणून त्यांचा लौकिक होता. भांडणारे दोघेही त्यांच्याकडेच यायचे आणि दोघेही खूश होऊन जायचे.

पण या सगळ्यांत वरचढ आपला गुणाजी. उठताना त्याचा गुडघा कडकन वाजायचा. तो लगेच इकडंतिकडं बघून विचारायचा, "कोणी सुपारी फोडली रे?" कोयतीला धार लावताना पातं हात लांब करून धरायचा, तरी नीट दिसायचं नाही. म्हणायचा, "जवळून काय, कोणीही बघेल." पहाटे कोंबड्याच्या आधी त्याला जाग यायची. म्हणायचा, "कोंबडा आळशी झालाय." मुलाला हाक मारायची असली की आधी भावाचं नाव यायचं, मग कधीच मेलेल्या बैलाचं, आणि मग एकदाचा लवू. लवू बिचारा बैलाच्या नावालाच ओ द्यायला शिकला होता.

एक गोष्ट मात्र गुणाजीने कोणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, देवाला नाही. हल्ली माडावर गेलं की तो मधेच थांबायचा. हात नको तितका घट्ट आवळायचा. जन्मभर ज्याला उंची म्हणजे काय ते कळलं नव्हतं, त्याला भीती वाटायला लागली होती.

आता देवळापुढच्या माडाची गोष्ट ऐका. गावात माड पुष्कळ, पण देवाचा माड एकच. नारळी पौर्णिमेला दर्याला जो पहिला नारळ द्यायचा, तो याच माडाचा. तो वरून टाकायचा नाही. चढणाऱ्याने पंच्यात बांधून, जमिनीला न टेकवता खाली आणायचा. तो नारळ पाण्यात गेल्याशिवाय एकही होडी सुटायची नाही. आणि त्या माडावर चढायचा मान गुणाजीचा.

गुणाजी मिसरूड फुटायच्या वयात पहिल्यांदा चढला, तेव्हा माडही तरणा होता. दोन उड्यांत शेंडा हाती लागायचा. पुढं गुणाजीचं लग्न झालं, माड थोडा वाढला. गुणाजीला मुलगा झाला, माड आणखी वाढला. गुणाजीचे केस पिकायला लागले, तरी माड वाढतच होता. माणूस एका वयानंतर आखडत जातो. माडाला ते कोणी सांगितलेलं नसतं. बरं, दर वर्षी चढणाऱ्याला वाढलेली उंची कळत नाही. गुणाजीला वाटायचं, माड तोच, मीही तोच, फक्त हवा जरा जड झालीय.

त्या वर्षी श्रावण असा लागला की बुंधे शेवाळून हिरवे झाले. माडाच्या बुडाशी चिऱ्यांचा पार होता. वरून पडलेला माणूस त्या चिऱ्यांवर पडला, तर उचलून ठेवण्यापुरताही नीट राहिला नसता.

पौर्णिमेच्या सकाळी बायको मथुरा म्हणाली, "यंदा लवूला चढू दे. गावातले बाकीचे उंच माड तोच चढतो."

"देवाच्या माडावर तो चढेल माझ्यानंतर."

"त्याचीच तयारी चाललीय वाटतं."

"मथुरे, सणाच्या दिवशी अभद्र बोलू नको."

"बोलतेय मी, करताय तुम्ही," असं म्हणून ती नारळीभाताच्या पातेल्याकडं वळली.

लवू दारात उभा होता. त्याच्याही कानाजवळ पांढरे केस यायला लागले होते. वाट बघता बघता वारसही पिकायला लागतो, ते गुणाजीला दिसायला हवं होतं. पण जवळचं त्याला कुठं नीट दिसत होतं!

देवळापुढं सारा गाव जमला. ढोल वाजला. होड्यांना पताका लागल्या होत्या. गुणाजीने माडाला हात लावून नमस्कार केला, पायात सुंभाचा फास अडकवला, कोयती कमरेला खोवली आणि चढायला लागला.

सुरुवात झोकात झाली. खालून आरोळ्या उठल्या. बाळाजी गावकर मोठ्यानं म्हणाले, "बघा रे पोरांनो! आमची पिढी बघा! आमच्यात कोणी म्हातारं होत नाही!" गुणाजीला ते ऐकून बरं वाटलं आणि तो चार हात जास्तच वेगानं गेला. तिथंच घोटाळा झाला.

अर्ध्यावर आल्यावर दम संपला. पायाखाली शेवाळ होतं. फास एकदा निसटला, पुन्हा धरला. डावा गुडघा थरथरायला लागला. गुणाजीने त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. गुडघा ऐकेना. त्याने वर पाहिलं. शेंडा जिथल्या तिथंच, ढगाला टेकलेला. 

खालून ढोल वाजतच होता. "वर! वर! वर!"

वर जाणं सोपं होतं. म्हणजे चढणं नव्हे, जाणं. हात सुटेपर्यंत चढत राहायचं, मग काय व्हायचं ते होईल. नाव तरी राहील. देवाच्या माडावरून पडला म्हणतील, दर वर्षी आठवण काढतील, गावकर भाषण ठोकतील. खाली उतरलो तर काय राहील? हसं राहील. गुणाजी माडाला मिठी मारून विचार करत होता. एवढी घट्ट मिठी त्याने लग्नात मथुरेलाही मारली नव्हती.

आणि विचार करता करता त्याला हसू आलं. कशाचं, तर ढोल बडवणाऱ्याचं. तो गडी इतका रंगात आला होता की वरचा माणूस थांबलाय, हेही त्याने बघितलं नव्हतं. गुणाजीच्या मनात आलं, यांना माझा जीव बघायचा नाही, तमाशा बघायचाय. मी पडलो तरी हा दोन टिपऱ्या जास्तच मारेल.

त्याने मान वळवून वरूनच हाळी दिली. जन्मभर माडांवरून बोललेला आवाज तो. ढोल गप्प झाला.

"मंडळी! माझे गुडघे म्हातारे झालेत! डोळे त्याच्या आधी झाले! आणि मला इथं भीती वाटतेय! मी खाली येतोय!"

म्हातारा हा शब्द त्या गावात उघडपणे पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कोणाला हसावं कळेना, कोणाला रडावं कळेना.

गुणाजी उतरला. उतरताना एक हात, मग दुसरा हात, फास सरकवून, पाय चाचपून. सगळ्या गावादेखत, रिकाम्या पंच्याने. चढताना पाठीमागं आरोळ्या असतात. उतरताना फक्त डोळे असतात. ते सोसून जो उतरतो, त्याची छाती केवढी म्हणायची!

पाय जमिनीला लागले तसे गावकर कडाडले, "गुण्या! अपशकुन केलास! आजवर अर्ध्यावरून कोणी उतरलं नव्हतं!"

"अर्ध्यावरून उतरलो म्हणून तुम्हांला उत्तर देतोय, गावकर. पडलो असतो तर एकटेच बोलत बसला असता."

"पण दर्याचा नारळ? होड्या अडल्या की!"

"माड कुठं पळालाय? तुमच्या पिढीत कोणी म्हातारं होत नाही ना? मग या. फास तयार आहे." गुणाजीने फास पुढं धरला.

गावकर एक पाऊल मागं सरले. "मी चढलो असतो रे. पण मला तिकडं होडीची पूजा बघायचीय."

"पूजेला काय घाई आहे? नारळ इथंच वर आहे."

एक पोर फिसकन हसलं. गावकरांना घाम फुटला. घाम फुटला आणि वरच्या ओठावरून काळा ओघळ निघाला. त्यांनी तो पुसला तर गालावर पसरला. मग त्यांनी हताश होऊन बोट बघितलं, गाव बघितलं, आणि म्हणाले, "जाऊ दे. मलाही जिना चढताना दम लागतो."

तेवढ्यात नारायण गुरव पुढं आले. म्हणाले, "निघालंच आहे तर मीही सांगून टाकतो. मला तिसरं कडवं आठवत नाही."

पोरं ओरडली, "म्हणजे खोकला आरतीत नाही?"

"नाही रे मेल्यांनो. तो माझा आहे."

गर्दीतल्या कोणीतरी आनंदीकाकूंना खूण करून विचारलं, गुणाजीचं बरोबर की गावकरांचं? काकूंनी सवयीनं मान डोलवली. मग थांबल्या. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला काय माहीत? मला किती वर्षं ऐकूच येत नाही. तुम्ही सगळे तोंड हलवता आणि मी हो म्हणते. जरा जवळ येऊन, मोठ्यानं सांगा ना कोणीतरी मला काय झालं ते!"

मग तीन जणांनी एकदम काकूंच्या कानाशी ओरडून सांगितलं आणि काकू, गाव कधीचा हसून मोकळा झाल्यावर, एकट्याच पोट धरून हसल्या. असं हसू त्या देवळापुढं फार दिवसांत झालं नव्हतं. कोणी कंबर दाखवत होतं, कोणी दात. जी दुखणी घराघरांत कोंडलेली होती, ती जत्रेला आल्यासारखी बाहेर पडली. आणि गंमत म्हणजे कोणी कोणाला हिणवलं नाही. ज्याला त्याला हायसंच वाटलं.

गुणाजी मात्र हसता हसता माडाकडं वळला. त्याने लवूला हाक मारली. या खेपेला पहिल्याच झटक्यात खरं नाव आलं.

"लवू, इकडं ये. पाय पुढं कर."

"बाबा, मी बांधतो."

"कर म्हणतो ना."

आणि गुणाजी खाली बसला. गुडघा कडकन वाजला. साऱ्या गावाने ऐकला. कोणी सुपारीबिपारी फोडलेली नव्हती, हे गुणाजीने स्वतःच हात वर करून सांगितलं. त्याने मुलाच्या पायात फास अडकवला, ओढून बघितला आणि म्हणाला, "मधे शेवाळ आहे, पाय दाबून टाक. घाई करू नको. माझ्यासारखा आरोळ्या ऐकून धावू नको. भीती वाटली तर थांब."

"भीती वाटली तर उतरू?"

"उतर. बाप उतरलाय, तुला कोण हसणार!"

लवू चढायला लागला. आणि आता जे झालं, ते गुणाजीच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या माडावर आजपर्यंत दुसरा कोणी चढलाच नव्हता. म्हणजे त्या माडावरचा माणूस खालून कसा दिसतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, एकट्या गुणाजीला नव्हतं. लवू वर गेला. आणखी वर गेला. माणसाएवढा होता तो पोराएवढा झाला, मग खारीएवढा. गुणाजीची मान मागं मागं जात राहिली, आणि माड संपेना. वाऱ्यानं शेंडा हलला तशी ती खारही हलली. लांबचं गुणाजीला फार छान दिसायचं. नको इतकं छान दिसायचं.

"मथुरे," तो हळूच म्हणाला, "एवढा उंच आहे हा?"

"एवढाच आहे."

"मी... एवढ्या वर जात होतो?"

"दर वर्षी," मथुरा म्हणाली. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"डोळे का मिटलेस गो?"

"मी मिटूनच उभी असते. लग्न झाल्यापासून. नारळ खाली आला की ढोल दुप्पट जोरात वाजतो, तेव्हा उघडते."

 गुणाजीला अभिमानही वाटला आणि भीतीही, दोन्ही एकाच वेळी. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, देवाच्या माडावर आपण एकटेच चढतो. त्याने बायकोचा हात धरला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि माडांचा राजा गुणाजी पाडेली डोळे गच्च मिटून ढोल वाजायची वाट बघू लागला.

तात्पर्य: वय झालं हे चार माणसांत हसत सांगायला, माडावर चढण्याहून मोठी छाती लागते. आणि आपण किती उंच होतो, नि खाली कोण आपल्यासाठी जीव मुठीत धरून उभं होतं, हे वेळेवर खाली उतरणाऱ्यालाच दिसतं.