घडी घालण्याचं क्रियापद

“मग सर, हे क्रियापद येण्याचं की जाण्याचं?”

इनास सर अंगणातल्या दोरीवरून चादर काढत होते. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात ती सारखी हातातून सुटत होती.

ग्रेगरीला लॅटिन त्यांनीच शिकवलं होतं. आता तो लिस्बनला प्राध्यापक होता. प्रश्न विचारायचा, पण उत्तर घरूनच घेऊन यायचा.

“पोर्तुगीजमध्ये शेगार, स्पॅनिशमध्ये येगार. अर्थ एकच, येऊन पोहोचणं,” तो म्हणाला. “आणि तिकडे रुमानियात त्याचंच प्लेका झालं. अर्थ काय, तर निघून जाणं! एका आईची लेकरं, सर, आणि तोंडं दोन दिशांना.”

“आई कोण?”

“लॅटिन. प्लिकारे.”

“म्हणजे?”

“घडी घालणं.” ग्रेगरीची कळी खुलली. “म्हणतात, बंदर आलं की खलाशी शिडाची घडी घालत. म्हणून ते पोहोचणं. सैनिक मुक्काम हलवताना तंबूची घडी घालत. म्हणून ते निघणं. आता यातलं खरं किती, यावर आमच्याकडे…”

“ग्रेगरी.”

“सर?”

“पलीकडची बाजू धर.”

चादर दोघांच्या पलंगाची होती. पत्नी वारल्यापासून सर ती एकटेच धूत आणि बोळा करून कपाटात कोंबत. एवढ्या मोठ्या चादरीची नीट घडी एकट्याला जमत नाही, आणि तेवढ्यासाठी शेजाऱ्यांना हाक मारायची त्यांना लाज वाटे.

ग्रेगरीने दोन टोकं धरली, सरांनी दोन. चादर ताणली, झटकली. मधे अख्खं अंगण होतं.

टोकाला टोक जुळवलं. मग दोघं एकमेकांकडे चालत आले.

सरांची बोटं त्याच्या बोटांना लागली. थंडगार होती. इतक्या जवळून त्याने सरांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. फार म्हातारे झाले होते.

“एवढं झालं की येतो, सर,” तो घाईने म्हणाला. “विमान आहे.”

“येणार आहेस?”

…

आईवडिलांचं घर रिकामं करून त्याने किल्ली कालच चुलत्याच्या हातात दिली होती. आता या गावात त्याचं काही उरलं नव्हतं. सरांना हेच सांगायला तो आला होता, आणि आल्यापासून नुसती व्युत्पत्ती सांगत बसला होता.

“नाही, सर,” ग्रेगरी म्हणाला. “आता नाही येणार.”

सरांनी दोन्ही तळवे पुढे केले.

“मग तुझी टोकं माझ्या हातात दे.”