वेलाचा दवाखाना

त्या मुलखात खोकला मुक्कामाला आला होता. पाणवठ्यावर, कड्यावर, गवतात, जिथे जावं तिथे कोणीतरी छाती धरून बसलेलं असे.

म्हणून प्राण्यांनी दवाखाना बांधायचं ठरवलं आणि काम धनेश पक्ष्याकडे दिलं. धनेश आपल्या मादीची ढोली चिखलाने लिंपतो, पण चोचीएवढी फट ठेवल्यावाचून राहत नाही. त्याने मातीच्या जाड भिंती घातल्या, खाली झरोके ठेवले, वर खिडक्या ठेवल्या. आजाऱ्यांच्या अंघोळीचं पाणी भिंतीबाहेर काढलं आणि तिथे एक वेल लावला. "इथं काही वाया जाऊ द्यायचं नाही," तो म्हणाला. वारा झरोक्यातून आत येई, प्रत्येकाच्या उशाशी थोडा थांबे आणि खोकला घेऊन खिडकीतून निघून जाई. आजारी बरे होत. मग धनेश दुसऱ्या रानात गेला आणि कारभार मोराकडे आला.

वेल वाढला. भिंती हिरव्यागार झाल्या. दूरच्या रानांतून पाहुणे ती हिरवाई पाहायला येऊ लागले. ते बाहेरूनच पाहत आणि बाहेरूनच परतत. मोराने नियम केला, वेलाचं एकही पान तोडायचं नाही. पानांनी आधी झरोके झाकले, मग खिडक्या.

वारा दाराशी आला तेव्हा राखणीवरच्या रानडुकराने त्याला अडवलं. "धूळ आणतोस, पानं फाडतोस. हो बाजूला!" वारा काही दिवस भिंतीभोवती घुटमळला, मग दाराशी येईनासा झाला. मोराच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही, असं सगळे कौतुकाने म्हणू लागले.

एक वानरी आपली लेक छातीशी धरून आली. लेकीचं नाव झिपरी. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वैद्य बगळ्याने तिच्या पाठीला कान लावला.

"हिला हवापालट पाहिजे," तो म्हणाला.

"म्हणून तर इथं आणलीय, वैद्यबुवा."

बगळ्याने मान वळवली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारं अस्वल होतं. ते हळूच म्हणालं, "बाई, तुझ्यामागच्या पानांत खिडकी आहे. मी आलो तेव्हा उघडी होती. तेव्हा मी चालतही होतो."

वानरी मोराकडे गेली. "महाराज, हाताएवढी फट द्या."

"पाहुणे यायचेत. त्यांना काय भोक दाखवू? आणि पान तोडणं म्हणजे जीव घेणं. आई असून कळत नाही तुला?"

"आई आहे म्हणूनच आले."

मोराने पिसारा फिरवला आणि तिच्याकडे पाठ केली.

वानरी परत आली. तिने पानांत हात घातला आणि ओढलं. उन्हाची एक तिरीप झिपरीच्या तोंडावर पडली. मागोमाग वारा आला.

झिपरीने लांब श्वास घेतला. "आये, हे गार गार काय गं?"

"वारा, बाळा. घे, पोटभर घे."

तेवढ्यात रानडुक्कर आलं. त्याने वानरीला फरफटत बाहेर काढलं आणि दार लावलं. तुटलेल्या पानांचा शोक म्हणून मोराच्या हुकमाने साऱ्या मुलखाला माना खाली घालून उभं राहावं लागलं.

वानरी भिंतीसमोर बसून राहिली. त्या फटीतून झिपरीचा हात बाहेर येई आणि हले. तीही हात हलवी. वेलाचं पाणी वाढवण्यात आलं. फट लहान होत गेली. मग बोटंच दिसू लागली. मग पानंच.

पाहुणे आले तेव्हा वेलाच्या बुडाशी माती नुकतीच उकरून सारखी केलेली होती. अशी ठिकाणं भिंतीच्या कडेने बरीच होती, आणि तिथे वेल सर्वांत दाट होता.

"एवढी हिरवाई ठेवता तरी कशी?" पाहुण्यांनी विचारलं.

"इथं काही वाया जाऊ देत नाही," मोर म्हणाला.

त्या ताज्या मातीतून एक कोंभ वर चढत होता, जिथे फट होती तिथवर. त्याला एकच पान आलं होतं, कोवळं, पाच बोटांचं. फट बुजल्यापासून वारा त्या मुलखातूनच निघून गेला होता. मोर पाहुण्यांशी बोलण्यात गुंतला होता.

ते पान हललं.

समोर बसलेल्या वानरीने हात वर केला.