राजाचा हवेतला पाय

ओढ्याच्या अलीकडे कोवळगाव, पलीकडे राजाचा मुलूख. कोवळगावही त्याचंच, पण लढाईत शेजारच्या राज्याने ते घेतलं, त्याच दिवशी सोनकीची आई पलीकडे फुलं विकायला गेली होती. पुलावर पहारा बसला आणि आई तिकडेच अडकली. तेव्हापासून इवलीशी सोनकी शेजारच्या काकूंकडे अर्धपोटी राहायची, पण चिमण्यांना घास टाकल्याशिवाय जेवायची नाही.

आणि आज कोवळगाव परत मिळालं होतं! राजाने सूर्य मावळायच्या आत वेशीत पाऊल टाकायचं, मग पहारा उठणार. राजाला काम तेवढंच, आणि त्यातच घोळ! पुलाच्या गावाकडच्या टोकाशी महाराज एका पायावर उभे, दुसरा रेशमी जोडा हवेत.

"नव्या घरात उजवा पाय आधी, महाराज!" प्रधानजी म्हणाले.

"पण हे घर नवं कुठंय? उजवा टाकला तर लोक म्हणतील, परका आला. डावा टाकला तर अपशकुन!"

गावकरीही गोंधळले. याला पाहुणा म्हणावं की घरचा? ढोलवाला तर टिपरू उचलायचा नि खाली ठेवायचा. सूर्य कलला. पलीकडच्या गर्दीत आईची हिरवी ओढणी बघून सोनकीला रडूच कोसळलं. ती मोगऱ्याच्या बागेत पळाली.

तोच एका कळीतून चिमुकली परी निघाली. तिचे निळे पंख लुकलुकत होते.

"एक वर माग, सोनुले. पण माणसाला जागचं हलवता येणार नाही, आणि मिळालेलं तू स्वतःसाठी वापरायचं नाहीस."

"मग आई कशी येणार?" सोनकीने विचारलं. मग आठवलं. आई लांबच्या बाजारातून आली, की काकू दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. पाहुण्याला कुठं असं ओवाळतात?

"मला एक भाकरी दे!"

भाकरी गरमागरम होती. पोटात कावळे ओरडत होते, तरी सोनकीने कणभरही तोंडात टाकली नाही. ती धावत पुलाशी गेली.

"महाराज, जरा वाका ना!"

तिने भाकरीचे तुकडे त्यांच्यावरून ओवाळून दोन्हीकडे टाकले. "किती दिवसांनी घरी आलात! या."

राजाचे डोळे भरून आले. "घरच्या माणसाचा कुठला पाय आधी, ते कोण बघतं गं?" असं म्हणत तो आत आला. कुठला पाय आधी पडला, कुणीच पाहिलं नाही.

पहारा उठला. आई धावत सुटली.

"थांब, आई!" सोनकी ओरडली. हातात एक तुकडा उरला होता. तो आईवरून ओवाळताना बागेत परीच्या पंखांचा निळा उजेड हसल्यासारखा लख्ख लुकलुकला नि विझला. मग सोनकी आईच्या कुशीत शिरली.